जुनी एसयूव्ही, नवा मालक : पहिल्या महिन्यातील देखभाल

घाटरस्ता, कच्ची वाट, शेताचा बांध आणि सात-आठ माणसांचे कुटुंब या साऱ्यांचा एकत्रित विचार केला की महाराष्ट्रातील अनेकांची नजर एसयूव्हीवर स्थिरावते. नव्या गाडीची किंमत मात्र सर्वांनाच परवडते असे नाही. त्यामुळे दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी, डस्टर किंवा फॉर्च्युनर विकत घेण्याकडे मोठा कल दिसतो. गाडी दारात येते, हार घातला जातो, पेढे वाटले जातात आणि पुढच्याच रविवारी सहकुटुंब देवदर्शनाचा बेत ठरतो. नेमकी येथेच घाई नडते.

या श्रेणीतील डिझेल इंजिने वेळेवर निगा राखल्यास दीर्घकाळ चालतात. त्यामुळे जास्त धाव हा स्वतः दोष नव्हे. खरी अडचण असते ती गाडीच्या अज्ञात इतिहासाची. ऑइल शेवटचे कधी बदलले, टायमिंग बेल्ट बदलला की नाही, ब्रेक ऑइल किती वर्षांचे आहे, याची खात्रीशीर उत्तरे बहुतेक वेळा मिळत नाहीत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी नोंदणी क्रमांकावरून मिळू शकल्या तर उत्तमच. त्यावरून मीटरमधील आकड्याचीही पडताळणी होते. नोंदी नसतील तर काहीच बदललेले नाही असे गृहीत धरून नव्याने हिशेब सुरू करणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी खरेदीच्या वेळीच किमतीच्या सुमारे दहा ते पंधरा टक्के रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवावी. सगळी पुंजी खरेदीतच संपवणारा मालक पुढे ब्रेकच्या कामातही काटकसर करू लागतो.

प्रथम जीविताचा प्रश्न

कामांचा क्रम ठरवताना सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम किंवा अलॉय व्हील यांना शेवटचे स्थान द्यावे. पहिला मान ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगचा.

दोन टन वजनाची, प्रवाशांनी भरलेली गाडी वरंधा किंवा आंबोलीचा घाट उतरते तेव्हा ब्रेक प्रचंड तापतात. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते आणि जसजसे पाणी मिसळते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलसाठी हा बिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. बुडबुडे दाबले जातात, पण चाकापर्यंत दाब पोचत नाही आणि पेडल तळाला जाते. सपाट रस्त्यावर कधीही न जाणवलेला हा दोष घाटातच प्रकट होतो. म्हणून गाडी घेताच ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहावे. त्याच वेळी पुढील डिस्क व पॅड, मागील ड्रम व लायनर, रबरी नळ्या आणि हँडब्रेक तपासून घ्यावा.

चांगले ब्रेकही चुकीच्या सवयीपुढे हतबल ठरतात. घाट ज्या गीअरमध्ये चढावा लागतो, साधारण त्याच गीअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे हे संकटाला आमंत्रण होय. इंजिन बंद पडताच ब्रेकला मिळणारे साहाय्य काही दाबांतच संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून ते सुरक्षित असतात असे नाही. टायरच्या बाजूवरील चार आकडी संख्या त्याचे वय सांगते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. नक्षीच्या खाचांतील १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणांपर्यंत झीज पोचली असेल, बाजूला भेगा असतील किंवा वय सहा-सात वर्षांपलीकडे गेले असेल, तर टायर बदलणेच हिताचे. एकाच बाजूने झीज असल्यास आधी बॉल जॉइंट, टाय रॉड व बुश तपासावेत आणि मगच चाकांचे अलाइनमेंट करावे. स्टेपनीही पाहावी, ती अनेकदा पहिल्या मालकाच्या काळातील असते.

इंजिनाची नाडी

सकाळी थंड इंजिन सुरू करून धुराकडे लक्ष द्यावे. जोर देताना सतत काळा धूर येत असेल तर हवा कमी किंवा इंधन जास्त असल्याचे समजावे. अडलेले एअर फिल्टर, फाटलेला इंटरकूलर पाइप किंवा बिघडलेले इंजेक्टर ही त्याची सामान्य कारणे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. गाडी तापल्यानंतरही पांढरा धूर थांबत नसेल तर न जळलेले डिझेल किंवा ज्वलनकक्षात शिरणारा कूलंट यांचा संशय घ्यावा.

इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर पहिल्याच आठवड्यात बदलावेत. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून ऑइलचे मार्ग तुंबू नयेत म्हणून तीव्र ‘फ्लशिंग’ टाळावे. त्याऐवजी योग्य प्रतीचे ऑइल भरून तीन ते पाच हजार किलोमीटरनंतर ते पुन्हा बदलणे अधिक सुरक्षित. त्यानंतर उत्पादकाच्या पुस्तिकेतील वेळापत्रक पाळावे. पहिले काही महिने दर आठवड्याला, गाडी सपाट जागी उभी करून, डिपस्टिक पाहावी. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळत आहे, हे ओळखून इंजिन चालवू नये.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ हा गाळक असतो. अशा गाड्यांना कमी राख सोडणारे, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल लागते. केवळ शहरातील छोट्या फेऱ्या केल्यास गाळक स्वतःला स्वच्छ करू शकत नाही आणि डिझेल ऑइलमध्ये उतरून त्याची पातळी वाढू शकते. ऑइलची वाढलेली पातळी ही आनंदाची नव्हे, काळजीची बाब आहे.

टायमिंग बेल्ट हा सर्वांत महागडा विसर ठरू शकतो. तो तुटल्यास पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिन क्षणात निकामी होऊ शकते. सर्वच गाड्यांना बेल्ट नसतो, काहींना साखळी असते. २००९ ते २०१६ या काळातील तीन लिटर डिझेल फॉर्च्युनरला आणि दीड लिटर डिझेल डस्टरला बेल्ट आहे. २०१६ नंतरच्या २.८ लिटर फॉर्च्युनरला साखळी आहे. बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि शक्य असल्यास वॉटर पंप एकदमच बदलावा, कारण मजुरीचा मोठा भाग सामाईक असतो.

पाणी, डिझेल आणि टर्बो

रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतण्याची सवय ग्रामीण भागात अद्याप आढळते. या पाण्यातील क्षार आत साचून नळ्या बुजवतात. जुना कूलंट काढून, प्रणाली साध्या स्वच्छ पाण्याने धुऊन, उत्पादकाने सांगितलेला कूलंट व शुद्ध जल यांचे योग्य मिश्रण भरावे. केवळ रंग जुळतो म्हणून दोन निरनिराळे कूलंट मिसळू नयेत. फुगलेल्या रबरी नळ्या, थर्मोस्टॅट, पंखा आणि रेडिएटरचे झाकणही तपासावे. झाकण सैल असेल तर आतील दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतो. तापलेल्या इंजिनाचे हे झाकण कधीही उघडू नये. तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकताच गाडी थांबवावी. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा हिशेब सिलिंडर हेडच्या किमतीत पडतो.

कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधनाचा दाब हजार बारच्याही वर असतो. पाण्याचा थोडा अंशही पंप आणि इंजेक्टर खराब करण्यास पुरेसा होतो. म्हणून डिझेल फिल्टरखालील पाणी ठरावीक काळाने काढावे आणि तो दिवा लागल्यास दुर्लक्ष करू नये. लांब चढणीनंतर किंवा महामार्गावरील वेगवान धावेनंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर संथ चालू ठेवल्यास टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळत राहते.

तळाकडेही पाहावे

गीअरबॉक्स, मागील डिफरन्शिअल आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असल्यास ट्रान्सफर केस यांतील ऑइल अनेक मालकांच्या स्मरणातही नसते. ते एकदा बदलून घ्यावे. जेथे ग्रीस निपल आहेत तेथे, विशेषतः प्रोपेलर शाफ्टच्या जोडांना, ग्रीस भरावे. वरच्या गीअरमध्ये जोर देताच इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत असल्याचे समजावे. बोलेरोसारख्या गाडीच्या मागील पाट्यांमध्ये तुटलेले पान आहे का, हेही पाहावे.

कोकणातील खारट हवेत वापरलेल्या गाडीची चासी रॅम्पवर चढवून तपासणे अगत्याचे आहे. गंजावर थेट काळा लेप मारल्यास ओल आत कोंडते आणि गंज पोखरतच राहतो. आधी गंज खरवडावा, मग लेप द्यावा. २००५ साली मुंबईत, २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ साली चिपळूणमध्ये आलेल्या पुरांत अनेक वाहने बुडाली. कार्पेटखालील चिखल, सीटच्या बोल्टवरील गंज आणि कुबट वास या खुणा आढळल्यास वायरिंगची कसून तपासणी करावी. किल्ली फिरवताच एअरबॅग व एबीएसचे दिवे लागून विझले पाहिजेत. दिवा मुळीच लागत नसेल तर बिघाड लपवण्यासाठी तो काढून टाकलेला असण्याची शक्यता असते. चासी क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर परत मागवलेल्या गाड्यांची माहिती पाहावी; असे काम विनामूल्य करून मिळते.

कागदपत्रांची देखभाल

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार राज्यांतर्गत विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणाची सूचना आरटीओला द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० भरतात. कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा, अन्यथा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ खरेदीदाराला मिळत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते, हेही वय मोजताना ध्यानात ठेवावे.

एक वही

या साऱ्या कामांसाठी एक साधी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, बदललेला भाग, बिलाची रक्कम आणि भरलेले डिझेल एवढ्याच नोंदी पुरेत. काही महिन्यांतच सरासरी घटते आहे, ऑइल कमी होते आहे किंवा कूलंट वारंवार भरावा लागतो आहे, हे त्या वहीतून कोणत्याही मेकॅनिकआधी मालकाला कळते. गाडी घेताना जो इतिहास मिळाला नाही, तो येथून पुढे लिहिला जातो. देवदर्शनाचा बेत एखाद-दुसरा रविवार पुढे ढकलला तरी चालेल. घाट उतरताना पायाखालचे पेडल घट्ट लागले पाहिजे.