निबंध कोणासाठी लिहायचा? मुंबईतील विद्यार्थ्यांची १८४८ची सभा

१८४० च्या दशकात मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी इंग्रजीत उत्तम निबंध लिहू लागले होते. भाऊ दाजी लाड यांच्या बालिकाहत्येवरील निबंधाला तर पारितोषिकही मिळाले. परंतु परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधाची एक मर्यादा असते: वाचणाऱ्याला विषय आधीच ठाऊक असतो. आपल्यालाही तो कळला आहे, एवढेच विद्यार्थ्याने सिद्ध करायचे. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहिणे, ही विद्या निराळी.

ती विद्या या मुलांना सभेने शिकवली.

जून १८४८ मध्ये प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन झाली. निबंध वाचायचा आणि त्यावर चर्चा करायची, हा तिचा क्रम. धर्म आणि राजकारण मात्र वर्ज्य. धर्मांतराच्या प्रकरणांनी शहर आधीच तापलेले होते. त्यामुळे हे बंधन भित्रेपणाचे नव्हे, शहाणपणाचे मानावे लागते.

खरी कसोटी लागली ती देशी भाषांतील शाखा निघाल्यावर. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे आले. मराठी भाषेचे व्याकरण त्यांनी १८३६ मध्येच प्रसिद्ध केले होते, तेव्हा निवड अगदी योग्य होती. आता श्रोता इंग्रजी न जाणणारा. वाफेची शक्ती त्याला समजवायची तर पारिभाषिक शब्दाचे भाषांतर करून भागत नाही. चुलीवरच्या भांड्याचे उडणारे झाकण आधी आठवून द्यावे लागते. इंग्रजीत ज्या वाक्यामागे अर्धवट समज लपून राहते, ते मराठीत मांडताना उघडे पडते.

या वाटेवर बाळशास्त्री जांभेकर आधीच चालून गेले होते. त्यांच्या १८४० च्या ‘दिग्दर्शन’ मासिकाने भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान हे विषय मराठीत उलगडून दाखवले. याच संस्थेत शिकवणारे जांभेकर १८४६ मध्ये निवर्तले. ही सभा त्यांना पाहता आली नाही.

१८४९ मध्ये सभेने मुलींच्या शाळा काढल्या आणि प्रारंभी तेथे विद्यार्थीच सकाळच्या वेळी विनावेतन शिकवू लागले. दादाभाई नौरोजी हे या उपक्रमाच्या अग्रणींपैकी एक. निबंधातले गुळगुळीत वाक्य सभेत खपून जाईल. समोर बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीपुढे ते टिकणे कठीण. अर्थात या साऱ्या प्रकाशाचा परीघ लहानच होता: शहरी, मुख्यतः पारशी आणि उच्चवर्णीय हिंदू घरांपुरता. सभेचा गौरव करताना हे विसरता येत नाही.

१८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले आणि निबंध सभागृहाबाहेर पडला. मासिकाचा वाचक समोर नव्हता. न कळलेल्या ठिकाणी लेखकाला थांबवून प्रश्न विचारणे त्याला शक्य नव्हते. तो प्रश्न लेखकालाच आधी सुचावा लागे.