हत्तीच्या जागी नाव: एका रशियन पुस्तकाचं मराठी वाचन

भोर-वेल्ह्याच्या श्रोत्यांसमोर मॉस्कोत छापलेल्या बुद्धिबळाच्या पुस्तकावर बोलायचं, हे जरा विचित्र वाटेल. म्हणून आधी एक प्रश्न. तुमच्यापैकी कोण आजोबांकडून बुद्धिबळ शिकलंय? शिकला असाल तर आठवत असेल, प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर पुढं जायचं, किल्लेकोट नव्हता, आणि शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची. हे आपलं देशी बुद्धिबळ.

हा खेळ खेळत वाढलेल्या पिढीला आंतरराष्ट्रीय नियम नव्यानं अंगवळणी पाडून घ्यावे लागले. १९५१ मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिचे संयुक्त विजेते ठरले आंध्रचे डी. वेंकय्या आणि आपले रामचंद्र सप्रे. पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय संघ पहिल्यांदा उतरला. सप्रे त्या संघात होते. यजमानांच्या संघात बोटविनिक, स्मिस्लॉव्ह, केरेस आणि डेव्हिड ब्राँस्टाइन होते.

आता योगायोग बघा. त्याच १९५६ साली ब्राँस्टाइनचं पुस्तक रशियनमध्ये आलं. विषय होता १९५३ ची झुरिकची स्पर्धा. जगज्जेत्या बोटविनिकला आव्हान कोण देणार, हे तिथं ठरायचं होतं. पंधरा खेळाडू, प्रत्येकाचे प्रत्येकाशी दोन डाव, एकूण २१० डाव. स्मिस्लॉव्ह १८ गुणांनी पहिला. ब्राँस्टाइन, केरेस आणि अमेरिकेचा रेशेव्हस्की प्रत्येकी १६ वर. ही पहिली आवृत्ती आज संग्राहक शोधत फिरतात. संपूर्ण पुस्तक इंग्रजीत यायला मात्र १९७० च्या दशकाची अखेर उजाडली.

म्हणजे मधली वीसेक वर्षं हे पुस्तक वाचायचं तर रशियनच. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात किंवा मुंबई-पुण्यात, रशियन न येणाऱ्या माणसाच्या हाती ते पडलं असतं तर काय झालं असतं?

खेळ्या एका संध्याकाळीत जमल्या असत्या! पटावरची घरं रशियन पुस्तकात अक्षर आणि आकड्यानं लिहितात, आज आपण लिहितो तशीच. उलट तेव्हाच्या इंग्रजी पुस्तकांत एकाच घराला पांढऱ्याकडून एक नाव आणि काळ्याकडून दुसरं. तीच पद्धत जास्त डोकं खायची. राहिली मोहरी. वजिराला रशियनमध्ये फेर्झ, हा मूळचा फारसी फर्झीन, म्हणजे सल्लागार. युरोपात इतरत्र त्याची राणी झाली. रशियात आणि आपल्याकडे राजाशेजारी मंत्रीच उभा आहे. घोडा घोडाच. पण स्लोन म्हणजे हत्ती, आणि तो चालतो आपल्या उंटासारखा तिरका! कोपऱ्यातल्या आपल्या हत्तीच्या जागी त्यांच्याकडे लाद्या, म्हणजे नाव. बंगालीतही तिथं नौकाच आहे. त्यामुळे शब्दकोश घेऊन बसणारा मराठी वाचक पहिल्याच पानावर हत्ती चुकीच्या दिशेनं हाकणार. गंमत म्हणजे फारसी परंपरेत तिरका जाणारा फीलही हत्तीच होता. या बाबतीत जुनी चाल रशियनांनी राखली, आपण बदलली.

असा वाचक चौदाव्या फेरीतल्या आव्हेरबाख–कोटोव्ह डावापर्यंत सहज पोचला असता. तिसाव्या खेळीला काळ्या मोहऱ्यांच्या कोटोव्हनं राजासमोरचं प्यादं मारून आख्खा वजीर देऊन टाकला आणि पांढऱ्या राजाला ओढत आपल्या हद्दीत आणलं. हे समजायला भाषा लागत नाही. पण तसं का करावंसं वाटलं, काळ्या घरांची दुर्बलता म्हणजे नेमकं काय, डावाच्या मध्यात योजना कशी सुचते, हे ब्राँस्टाइननं शब्दांत लिहिलंय. त्याच्या पुस्तकाचा जीव तिथं आहे, आणि तोच भाग बंद राहणार. खेळ्या पाठ करणारा आणि कारण समजणारा, या दोघांत पटावर फार अंतर पडतं. आपल्या मागं राहण्याचं एक कारण मला इथं दिसतं. एकमेव कारण अर्थातच नाही. पुढं चेन्नईत सोव्हिएत सांस्कृतिक केंद्राच्या आश्रयानं ताल बुद्धिबळ क्लब निघाला आणि विश्वनाथन आनंद तिथं घडला. सोव्हिएत बुद्धिबळाशी रोजचा संबंध असला की काय होतं, ते तिथं दिसलं.

अर्थात रशियन येणाऱ्यालाही या पुस्तकात सगळं मिळत नाही. पंधरापैकी नऊ खेळाडू सोव्हिएत होते. रेशेव्हस्कीनं पहिलं येऊ नये म्हणून आपल्यावर वरून दबाव होता, असं ब्राँस्टाइननं पुढं सांगितलं. तेव्हा सोव्हिएत संघ उरला नव्हता. १९५६ च्या पुस्तकात हे येणं शक्यच नव्हतं. डाव खरे आहेत, टिपा अप्रतिम आहेत, पण त्या मजकुराभोवती तेव्हाचं सोव्हिएत सरकार उभं आहे. इतिहासाचं साधन म्हणून हे पुस्तक हातात घ्याल, तेव्हा तेही धरूनच वाचावं लागेल.