सायकलस्वाराला कोणी मारलं?

अमिताभ आणि तापसीचा ‘बदला’ (2019) तुम्ही पाहिला असेल. तो ओरिओल पाउलोच्या ‘कोन्त्रातिएम्पो’ (2016) या स्पॅनिश थ्रिलरवर बेतलेला आहे. चोरून भेटणारं जोडपं, सुनसान रस्ता, अपघात, आणि पोलिसांना कळवलं तर आपलं बिंग फुटेल ही भीती. हा पेच स्पेनच्या पडद्यावर साठ वर्षं आधीच येऊन गेला होता, आणि मला तो जुना सिनेमा जास्त छळतो.

तो म्हणजे हुआन आन्तोनियो बार्देमचा ‘मुएर्ते दे उन सिक्लिस्ता’, अर्थात ‘एका सायकलस्वाराचा मृत्यू’ (1955). (अभिनेता हाविएर बार्देम हा त्याचा भाचा.) माद्रिदबाहेरच्या रस्त्यावर मारिया होसेच्या गाडीची धडक एका सायकलवाल्याला बसते. सोबतचा हुआन उतरून बघतो, तर माणूस अजून जिवंत आहे. पण मारिया होसे एका श्रीमंत उद्योगपतीची बायको, आणि हुआन तिचा प्रियकर. दोघं निघून जातात.

इथून पुढे नेहमीचा थ्रिलर ‘सापडतील का?’ एवढंच विचारत राहिला असता. बार्देम विचारतो, या देशात न सापडण्याची सोय कोणाला आहे?

हे समजायला तारखा हव्यात. 1936 ते 39 स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं. जिंकलेला फ्रँको 1975 मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिला. हुआन जिंकलेल्या बाजूचा. विद्यापीठातली त्याची नोकरीसुद्धा मेव्हण्याच्या वशिल्याची. मेलेला माणूस मात्र कामगार, गर्दीच्या चाळीत राहणारा. आणि अपघाताची ती जागा? युद्धात हुआन तिथेच खंदकात लढला होता. म्हणून मला हा एकट्या सायकलवाल्याचा मृत्यू वाटत नाही. ज्यांच्याबद्दल बोलायची सोयच नव्हती, असे कितीतरी मृत्यू त्याच्यामागे उभे आहेत.

बातमी वाचून सैरभैर झालेला हुआन फळ्यावर गणित सोडवणाऱ्या मातिल्दे या विद्यार्थिनीवर अन्याय करतो. विद्यार्थी निषेधाला उभे राहतात, आणि त्यांच्याकडे बघूनच त्याला कबुलीचं बळ येतं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1956 मध्ये, माद्रिदचे खरे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. कम्युनिस्ट असलेल्या बार्देमला ‘काय्ये मायोर’चं शूटिंग चालू असताना अटक झाली.

सत्तर वर्षं जुन्या सिनेमाचा शेवट सांगतोय, रागावू नका. हुआन कबुली देणार म्हटल्यावर मारिया होसे त्याच जागी त्याला गाडीखाली चिरडते. नंतर समोर आलेल्या एका सायकलवाल्याला चुकवताना तिची गाडी पुलावरून कोसळते. व्यभिचारी बाईला शिक्षा झालीच पाहिजे, असा सेन्सॉरचा आग्रह होता. बार्देमने ती दिली. याच सिनेमाला 1955 मध्ये कानमध्ये समीक्षकांचं पारितोषिक मिळालं.

पण सेन्सॉरला हवी ती शिक्षा देऊनही बार्देम थांबला नाही. शेवटी हा दुसरा सायकलवाला पुलावर उभा आहे. खाली बाई पडलीय. कोणी बघत नाहीये. तोही निघून जाऊ शकतो. तो क्षणभर घुटमळतो, मग दूरच्या घरातल्या उजेडाच्या दिशेने मदतीसाठी जोरात पेडल मारतो.

हुआन आणि मारिया होसेकडे तर गाडी होती.