कक्ष-कॅमेरा छायाचित्रण

संपूर्ण खोली अंधारी करून, एका लहान छिद्रातून आत येणारी बाहेरील दृश्याची प्रतिमा भिंतीवर वा प्रकाशसंवेदी कागदावर नोंदवणारा मांडणशिल्पसदृश छायाचित्रप्रकार.

प्रकाश सरळ रेषेत जात असल्याने छिद्रातून पडणारी प्रतिमा उलटी असते. अरब विद्वान इब्न अल्-हैथम याने अकराव्या शतकात या तत्त्वाची चिकित्सा केली (→ प्रकाशकी). समकालीन कलेत अबेलार्दो मोरेल या क्यूबात जन्मलेल्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९९१ पासून राहत्या खोल्यांवर पडलेली शहरांची प्रतिमा टिपली. त्यासाठी सुरुवातीस कित्येक तासांचे प्रकाशन (एक्सपोझर) लागे. त्याच्या चित्रांत पलंग, भिंती आणि उलटे शहर एकत्र दिसतात.

व्हेरा लुटर (जन्म १९६०, जर्मनी) १९९३ मध्ये न्यूयॉर्कला गेली. तिने राहती जागाच कॅमेरा बनवली व भिंतीएवढ्या कागदावर थेट प्रकाशन केले. मधे फिल्म नसल्याने चित्र एकमेव राहते. ते ऋणप्रतच ठेवल्याने दिवसाचे आकाश काळे उमटते. प्रकाशन काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत चालते. चालती माणसे उमटत नाहीत, वास्तू मात्र ठळक राहते. फ्रीड्रिक्सहाफेन येथील १९९९ च्या चित्रात चार दिवसांच्या प्रकाशनात ये-जा करणारे झेपेलिन हवाईजहाज पारदर्शक झाले आहे. काळाची अशी दृश्य नोंद हे या प्रकाराचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य होय. लुटरच्या चित्रांच्या शीर्षकात प्रकाशनाच्या तारखा असतात.

२००६ मध्ये कॅलिफोर्नियातील एल तोरो येथील विमानशाळेचा कॅमेरा करून, ३५ मिनिटांच्या प्रकाशनाने, ३० मीटरांहून लांब कापडी छायाचित्र घेण्यात आले (→ छायाचित्रण, मांडणशिल्प).