वाचाघात आणि रोजच्या व्यवहाराचे मोजमाप

मेंदूच्या बिघाडामुळे बोलणे, समजणे, वाचणे किंवा लिहिणे अडले की त्याला वाचाघात म्हणतात. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये आणि जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये भाषेची केंद्रे शोधली, ती मेंदूच्या एखाद्या जागी झालेल्या इजेवरून. त्यामुळे इजा ठरावीक जागी आणि वाचाही तेवढ्यापुरतीच गेलेली, अशी वाचाघाताची कल्पना रूढ झाली. वाचा वर्षानुवर्षे थोडीथोडी झिजत जाणारे रुग्ण या चौकटीत बसत नव्हते. प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये अशाच एका ७१ वर्षांच्या माणसाची हकिगत छापली. त्याच्या मेंदूचा डाव्या कानशिलामागचा भाग आक्रसलेला होता. मात्र पुढची बरीच दशके असे रुग्ण बहुधा सरसकट स्मृतिभ्रंशातच मोजले गेले.

माणूस स्वतःचे स्वतः किती करू शकतो, याचे मोजमाप वेगळ्याच वाटेने सुरू झाले. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये आंघोळ, कपडे, शौच, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण या सहा गोष्टींची पट्टी मांडली. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी तिच्यापुढची आठ कामे घेतली: टेलिफोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे आणि पैशाचा हिशेब. पुरुषांना मोजताना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे वगळण्याची सवलत होती. त्या काळचे अमेरिकी घर पट्टीत आपोआप उतरले. वाचाघाताच्या दृष्टीने महत्त्वाचा तो यादीतला टेलिफोन. शब्द सुचत नसलेला माणूस इथे नापास होऊ शकतो, मग तो घरचा हिशेब चोख ठेवत असला तरी. १९७५ ची एमएमएसई ही स्मृतिभ्रंशाची प्रसिद्ध चाचणीही जवळजवळ सगळी तोंडी किंवा लेखी उत्तरांवर उभी आहे.

बॉस्टनमध्ये मार्सेल मेसुलाम यांनी १९८२ मध्ये सहा रुग्णांचे वर्णन करून हा गुंता सोडवायला घेतला. भाषा हळूहळू खालावत होती, पण सर्वसाधारण स्मृतिभ्रंश अनेक वर्षे दिसत नव्हता. त्यांनी नंतर या विकाराला ‘प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया’ हे नाव दिले. निदानासाठी पहिली सुमारे दोन वर्षे मुख्य तक्रार भाषेचीच असावी, अशी अटही ठेवली.

रोजच्या व्यवहाराची पट्टी परक्या समाजात नेली की वेगळीच अडचण येते. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत बहुतेक वृद्ध निरक्षर होते. तिथे टेलिफोन किंवा बँकेचा व्यवहार विचारून काय कळणार? म्हणून भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासातून १९९९ मध्ये ‘एव्हरीडे ॲबिलिटीज स्केल फॉर इंडिया’ ही पट्टी पुढे आली. वृद्धाच्या रोजच्या वागण्याविषयी घरच्या माणसांना विचारायचे, ही तिची रीत. रुग्णाला स्वतः बोलून दाखवावे लागत नाही, ही सोय वाचाघातातही उपयोगी पडते.

२०११ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझियाचे तीन प्रकार ठरवले: अडखळत आणि व्याकरण सोडून बोलण्याचा, शब्दांचे अर्थच पुसले जाण्याचा, आणि शब्द शोधताना थांबत राहण्याचा. रोजच्या व्यवहारात आलेल्या अडचणीचे मुख्य कारण भाषा हेच असावे, हा निकष त्यांनी लेखी घातला. टेलिफोनसारखी बोलण्याची कामे सोडून बाकीचे व्यवहार सुरुवातीला टिकलेले असावेत, अशी अपेक्षा आहे.

दुसऱ्या प्रकारात ही सीमारेषा सर्वांत लवकर विरते. लंडनमध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ मध्येच दाखवले होते की या रुग्णांचे नुसते शब्द नव्हे, तर वस्तूंविषयीचे ज्ञानच जात असते. पुढे मँचेस्टरमध्ये ज्युली स्नोडेन यांच्या गटाला आढळले की अशा रुग्णाला स्वतःच्या वापरातली वस्तू कळते, तशीच दुसऱ्याची वस्तू मात्र ओळखता येत नाही. त्यामुळे दवाखान्यात परकी भांडी हाती देऊन घेतलेल्या परीक्षेत अशा माणसाचे घरातले खरे कामकाज उमटेलच, असे धरता येत नाही.