हाक्याचं रान

उत्तरेत चीड-देवदारांच्या जंगलात लोक हौसेनं तंबू ठोकून राहतात. पायाखाली सुयांसारख्या वाळक्या पानांची गादी असते म्हणतात. आपल्या कोल्हापूरकरांच्या वाट्याला आलं ते दाजीपूरचं रान. अंजनी, जांभूळ, कारवी आणि पावसाळ्यात जळवा! पण रानात मुक्काम करायची हौस इथंही जुनी आहे. फक्त पूर्वी ती राजाची हौस होती.

दाजीपूर म्हणजे करवीर संस्थानचं राखीव शिकारीचं जंगल. राजर्षी शाहू महाराज शिकारीचे मोठे शौकीन. याच डोंगरांत भोगावती अडवून धरण बांधायला काढणारे आणि लेकीच्या नावानं राधानगरी वसवणारेही तेच.

त्या काळी संस्थानिकाच्या शिकारीचा मुक्काम म्हणजे एक लहानसं गावच. राहुट्या उभारायला फरास, पखालीनं पाणी आणायला भिस्ती, आणि भोवतालच्या वाड्यांतले हाकेकरी. मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून सांगतो. कनात, फरास, भिस्ती, शिकार हे शब्द फारसीच्या वाटेनं आले आणि मराठीत घरचे झाले. 'हाका' मात्र इथल्या मातीतला. डबे-ढोल बडवत, ओरडत माणसांनी रान उठवायचं आणि जनावर बंदुकीपुढं आणायचं. जीव धोक्यात घालायचा हाकेकऱ्यानं, फोटो निघायचा बंदूकवाल्याचा.

तरी एक मान्य करायला हवं. राजासाठी राखलं म्हणून हे रान कुऱ्हाडीपासून बरंच वाचलं. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. १९५८ मध्ये गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये ते वाढवून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य करण्यात आलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली. या साऱ्यात आतल्या वाड्यांतल्या माणसांच्या चराईवर, लाकूडफाट्यावर बंधनं आली. हाकेकऱ्यांचीच ही नातवंडं, बरं का.

दाजीपूरला मी एकदा हिवाळ्यात मुक्कामाला होतो. शेजारच्या तरुणांनी रात्री कर्णा लावला. शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद झाली, हा हाका कुणासाठी होता कोण जाणे. वाडीतला एक म्हातारा उठून त्यांच्याकडे गेला. "पोरांनो, गवा पाण्यावर यायची वेळ झालीय," एवढंच म्हणाला. कर्णा बंद झाला. मग बराच वेळ रातकिड्यांखेरीज काही ऐकू आलं नाही. पहाटे पाणवठ्याच्या चिखलात खुरांचे ताजे ठसे होते.