वहीपासून टॅलीपर्यंत : भाव कशाचा?

शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर पूर्वी दिवाणजी मांडी घालून रोजमेळ लिहीत. लाल वहीचा भाव कागद आणि बांधणी पाहून ठरायचा. तिच्यात शंभराचा हिशेब लिहा नाहीतर लाखाचा, वहीवाला जास्त मागत नसे. आता वहीच्या जागी संगणक आला आणि त्यात बहुतेक ठिकाणी टॅली. तिचा भाव मात्र वहीसारखा ठरत नाही.

पूर्वी सॉफ्टवेअरला वेगळा भावच नव्हता. अमेरिकेची आयबीएम कंपनी ते यंत्राबरोबरच देई. १९६९ मध्ये तिने दोन्हींचे पैसे वेगळे घ्यायचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर ही विकायची वस्तू झाली. आपल्या देशात, बंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका यांना धंद्याच्या हिशेबाला मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना. मग त्यांचा मुलगा भरत यांनी ते स्वतःच लिहिले. १९८६ मध्ये कंपनी निघाली, तीच आजची टॅली.

सॉफ्टवेअर एकदा लिहिले की त्याच्या प्रती काढायला जवळजवळ खर्च नाही. मग भाव ठरतो तो घेणाऱ्याला होणाऱ्या उपयोगावर. टॅलीचे 'सिल्व्हर' एका संगणकासाठी, 'गोल्ड' एकमेकांना जोडलेल्या अनेक संगणकांसाठी. काही वर्षे सिल्व्हर १८,००० रुपयांना होते आणि गोल्ड ५४,००० रुपयांना, वर कर वेगळा. हिशेबाची रीत दोन्हींत तीच. शिकणारीला तर ते फुकट, पण नोंदी फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या करता येतात. शिकायला तेवढे पुरते, पेढी चालवायला पुरत नाही.

१ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. विवरणपत्र वेळेवर भरले नाही तर दंड. तेव्हा हिशेबाच्या सॉफ्टवेअरची गरज छोट्या दुकानालाही भासू लागली.

फुकट पर्याय नाही असे नाही. कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने 'ग्नूखाता' हे मुक्त सॉफ्टवेअर तयार झाले. तरी दुकानदार पैसे मोजून टॅली घेतो. का? कारण त्याच्या सीएला टॅली येते, आणि जाहिरात दिली की टॅली येणारी मुलगी लगेच मिळते. म्हणजे त्या किमतीत आपलीही भर आहे. पदरचे पैसे भरून, घरचे आवरून क्लासला गेलेल्या कितीतरी जणींनी ती घातली आहे.

पण पगाराची गोष्ट निघाली की ऐकावे लागते, "बसून बटणे तर दाबायची." इथे आपण वहीच्या भावाने मोजले जातो, तासांवर आणि खुर्चीवर. तेव्हा पगार बोलताना आपणही उपयोग मांडूया : किती विवरणपत्रे वेळेवर गेली, किती दंड वाचला, कोणाकडची थकलेली उधारी यादीमुळे वसूल झाली. महिन्याच्या महिन्याला हे एका वहीत लिहून ठेवा. ती वही साधी चालेल, पण ती दाखवून बोला.